आधी शेजाऱ्याशी मिटवा

दक्षिण चीन समुद्राचा विषय निघाला की आपल्या वर्गांतली आणि वृत्तपत्रांतली चर्चा बीजिंग आणि वॉशिंग्टन या दोन राजधान्यांभोवतीच फिरते. किनाऱ्यावरचे देश त्यात तोंडी लावण्यापुरते येतात आणि त्यांची संघटना आसियान तर थट्टेचाच विषय होते. थट्टेला कारणही आहे. 2002 साली प्नॉम पेन्ह येथे चीन आणि आसियान यांनी वर्तनाविषयीचा जाहीरनामा केला आणि पुढे बंधनकारक आचारसंहिता करू असे म्हटले. 2023 मध्ये ती तीन वर्षांत पूर्ण करण्याचे ठरले; म्हणजे एकवीस वर्षांनंतर मुदत तेवढी ठरली. मधल्या काळात, 2012 साली, चीन आणि फिलिपिन्स या दोघांचाही दावा असलेल्या स्कारबरो शोलचा उल्लेख करायचा की नाही यावरून परराष्ट्रमंत्र्यांचे संयुक्त निवेदनच निघाले नाही. संघटनेच्या पंचेचाळीस वर्षांत असे प्रथमच घडले. तरीही, आसियान निकामी ठरली म्हणून तिथली प्रादेशिक मुत्सद्देगिरीही निकामी ठरली, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. तिचे खरे काम निवेदनांत झालेले नाही. ते लहान देशांनी एकमेकांशी मिटवलेल्या सीमांत झाले आहे, आणि जिथे ते अर्धवट राहिले तिथेच बड्या सत्तांना शिरकाव मिळाला आहे.

थायलंडच्या आखातात लोसिन नावाचा एक खडक आहे. त्यावर जेमतेम दीपगृह उभे आहे. त्या खडकाच्या आधारे थायलंडने आपली समुद्रबूड जमीन मोजली, मलेशियाने ती मोजणी नाकारली आणि सुमारे 7,250 चौरस किलोमीटरचा पट्टा दोघांच्याही नकाशात आला. 1979 साली दोघांनी सीमेचा प्रश्न बाजूला ठेवला आणि पट्ट्यातला वायू समान खर्चाने, समान नफ्याने काढायचे मान्य केले. वायू प्रत्यक्ष यायला 2005 उजाडले, पण दरम्यान कोणी आरमार पाठवले नाही. इंडोनेशिया आणि फिलिपिन्स यांनी दोन दशके बोलून 2014 मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्राची सीमा आखली. इंडोनेशिया आणि व्हिएतनाम यांच्या वाटाघाटी बारा वर्षे चालल्या आणि 2022 च्या डिसेंबरात पूर्ण झाल्या. त्या काळात इंडोनेशियाने व्हिएतनामी मच्छीमार नौका पकडून बुडवल्या, तरी बोलणी मोडली नाहीत. या बातम्या आपल्याकडे आतल्या पानावरही आल्या नाहीत, कारण त्यांत युद्धनौका नव्हती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: शेजाऱ्यांनी आपसात कितीही रेघा ओढल्या तरी चिनी तटरक्षक दलाच्या नौका थोड्याच मागे फिरणार? 2016 च्या लवादाने चीनच्या नऊ तुटक रेषांच्या दाव्याला कायदेशीर आधार नाही असा निवाडा दिला आणि चीनने त्याला केराची टोपली दाखवली. खरे आहे. परंतु त्याच निवाड्यात या समुद्रातल्या स्प्रॅटली समूहातले एकही बेट अनन्य आर्थिक क्षेत्र निर्माण करत नाही, असेही म्हटले आहे. त्यामुळे इतर दावेदारांमधले भांडणाचे क्षेत्रच आक्रसले. 2020 मध्ये इंडोनेशियाने संयुक्त राष्ट्रांना पाठवलेल्या पत्रात या निवाड्याचा हवाला दिला, तो याच हिशेबाने. उलट 2024 च्या नोव्हेंबरात इंडोनेशियाचे अध्यक्ष प्रबोवो बीजिंगला गेले आणि संयुक्त निवेदनात परस्परव्यापी दाव्यांच्या क्षेत्रात संयुक्त विकासाचे वाक्य आले. चीनशी आपला सागरी वाद मुळात नाहीच, ही जकार्ताची जुनी भूमिका एका वाक्याने डळमळली आणि परराष्ट्र खात्याला खुलासा करत बसावे लागले. मोठा देश सीमा मान्यच करत नाही, हेही सरसकट खरे नाही. चीनने 2000 साली टोंकिनच्या आखातात व्हिएतनामशी सीमा करार केला. आपल्या देशानेही 2014 मध्ये बंगालच्या उपसागराचा लवाद मानला. वादग्रस्त 25,602 चौरस किलोमीटरपैकी 19,467 बांगलादेशाला गेले आणि दिल्लीने ते स्वीकारले.

शेजाऱ्यांनी आधी आपसात जुळवावे, हाच नियम व्यापाराच्या आघाडीवर उलट बाजूने दिसतो. 2025 च्या एप्रिलात अमेरिकेने आयातशुल्क जाहीर केले: कंबोडिया 49 टक्के, व्हिएतनाम 46, थायलंड 36, इंडोनेशिया 32, मलेशिया 24. आसियानने प्रत्युत्तर न देण्याचे एकमुखाने ठरवले आणि मग प्रत्येक जण स्वतंत्रपणे वॉशिंग्टनच्या दारात उभा राहिला. ऑगस्टपर्यंत फिलिपिन्ससह पाच देशांचा आकडा 19 टक्क्यांवर आला, व्हिएतनामचा 20 वर. एवढी धावपळ करून हे सहाही देश जवळपास एकाच दरावर आले; मात्र त्या दरासाठी कोणी काय दिले, ते वेगवेगळे होते. ऑक्टोबरात क्वालालंपूरला झालेल्या करारात मलेशियाने, अमेरिकेने आपल्या आर्थिक सुरक्षेसाठी तिसऱ्या देशावर निर्बंध घातले तर आपणही त्याच तोडीची पावले उचलू, असे कलम स्वीकारले. चीन हा मलेशियाचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार. एकट्याने बोलणी केली की असे कलम पदरात पडते. अमेरिकेच्या बाजारावर इतके अवलंबून असलेल्या देशांकडे दुसरा पर्याय काय होता, असे कोणी विचारील. निदान एकमेकांच्या अटी आधी पाहून घेणे तर हातात होते.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. शेजाऱ्यांचे तंटेही काही सोपे नसतात. 2024 मध्ये फिलिपिन्सने सागरी क्षेत्रांचा कायदा केला तेव्हा चीनबरोबर मलेशियानेही निषेध नोंदवला, कारण मलेशियाच्या ताब्यातल्या सबाहवरचा मनिलाचा जुना दावा त्यातून पुन्हा वर आला. साठ वर्षांचे हे दुखणे एका बैठकीत जाणार नाही. पण त्याच वर्षी जूनमध्ये फिलिपिन्सने आणि जुलैमध्ये व्हिएतनामने आपापल्या विस्तारित समुद्रबूड जमिनीचे दावे संयुक्त राष्ट्रांकडे दाखल केले आणि व्हिएतनामशी बोलायला आपण तयार आहोत, असे मनिलाने लगेच सांगितले. आसियानच्या निवेदनाला लागते तशी कंबोडिया आणि लाओस यांची संमती या बोलण्यांसाठी लागत नाही. दोघेच पुरेसे आहेत. आचारसंहितेच्या मसुद्यातल्या स्वल्पविरामांवर शोधनिबंध लिहिणाऱ्यांनी थोडा वेळ या दोन दाव्यांच्या नकाशांनाही द्यावा. ते नकाशे एकमेकांवर चढतात, आणि तिथे रेघ कोण ओढतो ते पुढच्या काही वर्षांत कळेल.