लेसरनंतरचे डोळे

चष्म्याचा नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया करायची, तर वय किमान 18 हवं आणि नंबर वर्षभर स्थिर हवा. बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याची जाडी आधी मोजतात. ती जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. पडदा पातळ निघाला, तर डॉक्टर नाही म्हणतात. त्यांचं ऐकावं.

भूल फक्त थेंबांची, इंजेक्शन नाही. पडद्याचा पापुद्रा उचलताना डोळ्यावर दाब येतो, क्षणभर अंधारतं. मग लेसर चालताना जळका वास येतो. घाबरू नका, डोळा जळत नसतो. त्या दिवशी डोळे चुरचुरतात, पाणी गळतं. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना बरंच स्पष्ट दिसतं. कोरडेपणा मात्र काही महिने राहू शकतो.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात खरी काळजी धुळीची. सोयाबीनची मळणी किंवा कपाशीवर फवारणी सुरू असताना ही शस्त्रक्रिया ठरवूच नका, असं मी आग्रहानं सांगेन. डोळा चोळला, तर तो पापुद्रा सरकू शकतो. म्हणून झोपतानाही डोळ्यांवर कवच लावायचं. दुखणं वाढलं किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.