शाळेचा खर्च आणि शिक्षकांचा संप

सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यांत, बार्शीहून सोलापुरास जाणाऱ्या रस्त्यावर वैराग हें बाजारपेठेचें गांव आहे. आसपासच्या खेड्यांतील पुष्कळ कुटुंबें गांवठाण सोडून शेतांतच वस्ती करून राहतात, आणि अशा वस्त्यांवरील मुलांसाठीं जिल्हा परिषदेच्या लहान लहान शाळा चालतात. राज्याच्या तिजोरीवरून मुंबईंत जो वाद होतो, त्याचा निकाल अखेर अशाच शाळेच्या दाराशीं लागतो. म्हणून शिक्षणाचा खर्च आणि शिक्षकांच्या संघटना यांविषयींचा पक्षापक्षांतील मतभेद तपासावयाचा, तर तो वैरागच्या बाजूनें पाहणेंच अधिक सोयीचें.

हा वाद मुळींच नवा नव्हे. १९११ सालीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें, तेव्हां इतर आक्षेपांबरोबर पैसा कोठून आणावयाचा हाहि आक्षेप पुढें आला, आणि १९१२ च्या मार्चांत १३ विरुद्ध ३८ मतांनीं तें बिल पडलें. पुढें पांच वर्षांनीं शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें. कोल्हापूर संस्थान कांहीं हिंदुस्थान सरकारपेक्षां श्रीमंत नव्हतें. ‘पैसा नाहीं’ हें उत्तर पुष्कळदां पैशाचें नसून पसंतीचें असतें, हें यावरून ध्यानांत येतें. मात्र पुष्कळदां म्हणजे नेहमींच नव्हे. आजच्या वादांत सरकारचेंहि एक खरें दुखणें आहे आणि तें समजून घेतलें पाहिजे.

तें दुखणें निवृत्तिवेतनाचें. जुन्या पद्धतींत सरकारी नोकरास व शिक्षकास अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन मिळे, तीवर महागाई भत्ता वाढत जाई, आणि त्यासाठीं पगारांतून कांहीं कापलें जात नसे. १ नोव्हेंबर २००५ रोजीं किंवा त्यानंतर नोकरींत आलेल्यांसाठीं महाराष्ट्रानें ही पद्धत बंद केली. नव्या पद्धतींत नोकरानें दहा टक्के द्यावयाचे, सरकारनेंहि आपला वाटा घालावयाचा (तो पुढें चौदा टक्के झाला), आणि ती रक्कम बाजारांत गुंतवून अखेरीस जें जमेल त्यावर म्हातारपण काढावयाचें. एकाच शाळेंत एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या शिकविणारे दोन शिक्षक. एकाची नेमणूक ऑक्टोबरांतील, दुसऱ्याची नोव्हेंबरांतील. पण दोघांची म्हातारपणाची तरतूद सर्वस्वी निराळी. शिक्षकांच्या असंतोषाचें मूळ या भेदांत आहे.

आतां पक्षांची भूमिका पाहावी. केंद्रांत नवी पद्धत १ जानेवारी २००४ पासून आली, ती वाजपेयी यांच्या सरकारच्या निर्णयानें. महाराष्ट्रांत ती काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांच्या सरकारनें आणली. तिला कायद्याचें पक्कें अधिष्ठान मिळालें तें २०१३ सालीं, मनमोहनसिंग पंतप्रधान असतांना. म्हणजे मोठ्या पक्षांपैकीं दोन्ही बाजूंचे हात या कामीं लागले होते. पुढें २०२२ मध्यें राजस्थान व छत्तीसगड येथील काँग्रेस सरकारांनीं जुनी पेन्शन परत आणण्याचें जाहीर केलें. २०२३ च्या आरंभीं हिमाचल प्रदेशानेंहि तेंच केलें. महाराष्ट्रांत त्या वेळीं हे पक्ष विरोधी बाकांवर होते. त्यांनीं अर्थातच शिक्षकांची कड घेतली.

सत्तेच्या बाजूसहि असेंच घडलें. २०२२ च्या डिसेंबरांत नागपूरच्या अधिवेशनांत उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं सांगितलें, कीं जुनी पेन्शन दिल्यास राज्यावर एक लाख दहा हजार कोटी रुपयांचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरींत जाईल. पुढच्याच महिन्यांत विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघांचा प्रचार सुरू झाला, आणि सरकार या मागणीविषयीं प्रतिकूल नाहीं, अशी भाषा ऐकूं येऊं लागली. फेब्रुवारींत नागपूरच्या शिक्षक मतदारसंघांत भाजपनें पाठिंबा दिलेले नागो गाणार पराभूत झाले व महाविकास आघाडीचे सुधाकर अडबाले निवडून आले. महिन्याभरांत राज्याचा अर्थव्यवहार बदलला नव्हता. बदलली होती ती निवडणुकीची तारीख.

वैरागच्या मतदारास याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. तें गांव ज्या बार्शी मतदारसंघांत मोडतें, तेथें २०१४ ते २०२४ या काळांत विधानसभेच्या तीन निवडणुकांत मुख्य प्रतिस्पर्धी तेच दोघे होते. त्यांचे पक्ष मात्र पालटत गेले. अशा मतदारानें शिक्षणाचा प्रश्न केवळ पक्षाच्या नांवावरून सोडवूं म्हटलें, तर त्याची फसगतच व्हावयाची.

मग संघटनांवर विसंबावें काय? संघटनांची कामगिरी थोडी नाहीं. १९७७-७८ सालीं र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालीं राज्यांतील सरकारी नोकर व शिक्षक ५४ दिवस संपावर होते. केंद्राप्रमाणें महागाई भत्ता मिळावा ही त्यांची मुख्य मागणी होती. असंघटित शिक्षकाची काय अवस्था होते, हेंहि महाराष्ट्रानें पाहिलें आहे. २००० सालापासून ‘शिक्षणसेवक’ या नांवाखालीं नवा शिक्षक तीन वर्षें अल्प मानधनावर राबविण्याची पद्धत आली. प्राथमिक शाळेंत हें मानधन आरंभीं महिना ३,००० रुपये होतें, पुढें ६,००० झालें, आणि १६,००० व्हावयास २०२३ साल उजाडलें. या मुदतींत निरनिराळ्या रंगांचीं सरकारें आलीं व गेलीं. ही काटकसर मात्र कोणालाच नकोशी झाली नाहीं.

तथापि संघटनेचें बळ कोठें लागतें आणि कोठें लागत नाहीं, हें पाहणें अवश्य आहे. १४ मार्च २०२३ रोजीं जुन्या पेन्शनसाठीं लक्षावधि नोकर व शिक्षक संपावर गेले. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. सातव्या दिवशीं, २० मार्चला, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशीं बोलणीं होऊन संप मिटला. पुढें २०२४ च्या ऑगस्टांत केंद्रानें पंचवीस वर्षें सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या पेन्शनची हमी देणारी योजना मंजूर केली, आणि दुसऱ्याच दिवशीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें ती स्वीकारली. विधानसभेची निवडणूक तीन महिन्यांवर होती. जी मागणी दिवाळखोरीची वाट म्हणून सांगितली गेली होती, तिच्या पुष्कळ जवळचा मार्ग वीस महिन्यांत निघाला.

याच काळांत दुसरी एक गोष्ट चालू होती, आणि वस्तीवरच्या मुलांच्या दृष्टीनें तीच अधिक महत्त्वाची. २०१७ सालीं दहा किंवा त्याहून कमी पट असलेल्या सुमारें तेराशें शाळा बंद करण्याचें ठरलें होतें. २०२३ च्या सप्टेंबरांत वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव मागविण्यांत आले. अशा शाळा सुमारें १४,७०० होत्या. त्यांत सुमारें १ लाख ८५ हजार मुलें शिकत होतीं. सरकारचें म्हणणें असें, कीं सहा-सात मुलांच्या शाळेंत मुलास सोबत नाहीं, खेळास गडी नाहींत, ग्रंथालय नाहीं. मोठ्या शाळेंत हें सारें मिळेल आणि येण्याजाण्यास गाडी देतां येईल. हें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. परंतु गाडीचा खर्च हाहि खर्चच आहे. तो एखाद्या वर्षीं थांबला, कीं शाळा कायमची तुटते. पावसाळ्यांत शेतांतली वाट चिखलानें बंद झाली, तर गाडी वस्तीपर्यंत येणार कशी? सहा वर्षांच्या मुलीस चार किलोमीटर दूर पाठविण्यास आईबाप कचरतात, आणि प्रथम शाळा सुटते ती मुलीचीच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यास अनुसरून प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत असावी, असें ठरलें; साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत, असें त्या कायद्याचें परिशिष्ट सांगतें.

लहान शाळा म्हणजे वाईट शाळा, हेंहि खरें नव्हे. बार्शीलगतच्या माढा तालुक्यांत परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. दहा लक्ष डॉलरांचा तो पुरस्कार ज्या कामासाठीं मिळाला, तें एका खेड्यांतल्या शाळेंत झालेलें होतें.

२०२४ च्या सप्टेंबरांत कमी पटाच्या शाळांतील एक जागा सेवानिवृत्त किंवा कंत्राटी शिक्षकानें भरण्याचा आदेश निघाला. त्यासाठीं महिना १५,००० रुपये ठरले. त्याविरुद्ध २५ सप्टेंबर रोजीं प्राथमिक शिक्षक सामूहिक रजेवर गेले. येथें शिक्षकाची जागा आणि मुलाची शाळा या दोहोंचें हित एकच होतें. म्हणून संघटनेचें बळ मुलाच्याहि कामीं आलें. पण जेथें हीं हितें एक नसतात तेथें काय होतें? आडगांवच्या बदलीस कोणी तयार नसतो, शिक्षकांस शाळेबाहेरच्या कामांस जुंपलें जातें, रिकामी जागा वर्ष वर्ष भरली जात नाहीं. अशा वेळीं मुलाच्या वतीनें संप करणारें कोणी नसतें. विधान परिषदेंत शिक्षकांचे सात प्रतिनिधि बसतात; परंतु घटनेनें तें मत माध्यमिक व त्यावरील शाळांच्या शिक्षकांनाच दिलें आहे. वस्तीशाळेच्या शिक्षकास तें मत नाहीं, आणि मुलास तर कोणतेंच नाहीं.

पक्षांची ही ओढाताण इतर देशांतहि झाली आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यांत २०११ सालीं राज्यपाल स्कॉट वॉकर यांनीं शिक्षणाच्या अनुदानांत कपात केली आणि त्याबरोबरच सरकारी नोकरांच्या संघटनांचा वाटाघाटीचा हक्क बहुतांशीं काढून घेतला. शिक्षकांनीं विधिमंडळाच्या इमारतींत ठाण मांडलें. विरोधी पक्षाचे चौदा सभासद शेजारच्या राज्यांत निघून गेले. कायदा तरीहि झाला. तेथें दोन्ही पक्षांचे मोर्चे पक्के होते, आणि मधली जमीन कोणाचीच उरली नाहीं. महाराष्ट्रांत मोर्चे इतके पक्के नाहींत. सत्तेबरोबर भूमिका फिरते. हा दोष असला, तरी पालकांनीं मनावर घेतल्यास त्याचा उपयोगहि करून घेतां येईल.

त्याचें साधन कायद्यानेंच दिलें आहे. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेस शाळा व्यवस्थापन समिति असते. तिच्यांत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक, आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. बहुतेक ठिकाणीं ही समिति सह्यांपुरती उरते. ती जागी झाली, तर तिनें प्रत्येक पक्षाच्या उमेदवारास व प्रत्येक संघटनेच्या पुढाऱ्यास तीनच गोष्टी विचाराव्या: या शाळेंतील रिकामी जागा किती दिवसांत भरली जाईल, ही शाळा बंद झाल्यास मुलाच्या येण्याजाण्याचा खर्च कोण व किती वर्षें देईल, आणि सत्तेवर असतांना दिलेलें उत्तर विरोधांत असतांनाहि तेंच राहील काय. उत्तरें समितीच्या इतिवृत्तांत लिहून ठेवावीं. पांच वर्षांनीं तीं वाचून दाखविण्यास दुसऱ्या कोणत्याहि संघटनेची गरज पडणार नाहीं.