रानाच्या घरी जाताना
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आमच्या सर्वणात, किंबहुना साऱ्या डिचोली तालुक्यात, चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात. नारळ, सुपारीची शिपटी, चिबूड बाजारात मिळतात. पण कांगलां, कवंडळ रानातूनच यावी लागतात. वर्षातून एकदा रान आपल्या घरी येतं. आज बोलायचं आहे ते उलट वाटेबद्दल : आपण रानाच्या घरी जातो, तेव्हा कसं जावं?

आपल्यापैकी अनेकांची मुलं अमेरिकेत आहेत. त्यांनी पाठवलेले ग्रँड कॅनियनचे फोटो घरोघरी पाहायला मिळतात. कोलोरॅडो नदीनं कोरलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. १९१९ साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. तिकडची कुटुंबं चाकांवरचं घर, म्हणजे आरव्ही घेऊन जातात. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर सगळं असतं. आपल्याला त्या पलंगाचं कौतुक वाटतं. आम्हांला विचाराल तर त्या गाडीतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे सांडपाण्याची टाकी. भांडी घासलेलं पाणी, शौचालयाची घाण, सारं त्या टाकीत साठवून नेमून दिलेल्या जागीच रिकामं करावं लागतं. स्वतःची घाण स्वतःबरोबर वागवायची, हा त्या मुक्कामाचा खरा नियम.

तिकडची दुसरी शिकवण चालण्याची. डोंगरावर आपण आधी चढतो; दमलो तर परत फिरतो, उतार सोपा असतो. दरीत उलटं असतं. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी उतरायचं आणि भर उन्हात, थकलेल्या पायांनी चढायचं. म्हणून उतरायला एक तास लागला, तर चढायला दोन धरावेत. काठावरून नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परतू नका, असं तिथलं उद्यान पर्यटकांना बजावून सांगतं.

आता आपल्याकडे या. कॅनियन पाहायला सातासमुद्रापलीकडे जायला नको. डिचोलीहून साखळी, उसगाव, धारबांदोडा करत गेलं की मोले येतं. भगवान महावीर अभयारण्य सुमारे २४० चौरस किलोमीटरचं; त्यातल्या १०७ चौरस किलोमीटरना १९७८ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दूधसागर, तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ ही नावं सर्वांना ठाऊक आहेत. पण याच रानात नदीनं कातळ कापत केलेली एक अरुंद घळ आहे. लोक तिला डेव्हिल्स कॅनियन म्हणतात. ग्रँड कॅनियनपुढे ती अगदीच धाकटी. पण पाणी दगडाचं काय करतं, हे समजायला तेवढी पुरे.

नदी पावसाळ्यात गोटे घेऊन येते. भोवऱ्यात सापडलेला गोटा एकाच जागी फिरत राहतो आणि कातळात खळगा पाडतो. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अशा घळीचा धोकाही तिच्या घडणीतच असतो. रुंद पात्रातलं पाणी अरुंद फटीत शिरलं, की खोल होतं आणि वेग घेतं. वरून पाणी निवांत दिसतं, आत ओढ असते. काठ घासून गुळगुळीत झालेले. हाताला धरायला काही नाही. शिवाय पाऊस घाटमाथ्यावर पडतो आणि पाणी खाली चढतं. आपल्या डोक्यावर तेव्हा लख्ख ऊन असू शकतं. उत्तम पोहणारासुद्धा अशा जागी हतबल होतो. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले. त्यानंतर वन खात्यानं अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. तरीही लोक रेल्वेच्या रुळांवरून दूधसागरकडे निघालेच. बंदीचा फलक म्हणजे आपल्या हौसेचा अपमान, असं आपण का समजतो?

आम्ही सर्वणची मंडळी हिवाळ्यात मोलेच्या बाजूला चालायला जातो. आमचे नियम साधे आहेत. पावसाळ्यात घळ आणि धबधबा वर्ज्य. मोलेच्या वन कार्यालयातून परवानगी घेतल्याशिवाय आत पाऊल नाही. घळ काठावरून पाहायची, पाण्यात उतरायचं नाही. सर्वांत हळू चालणारा माणूस सर्वांच्या पुढे, म्हणजे कोणी मागे राहत नाही. अर्धं पाणी संपलं की परत फिरायचं, ठरलेली जागा आली नसली तरी. रात्रीचा मुक्काम रानात कुठंही तंबू ठोकून नव्हे, तर परवानगी असलेल्या निवासातच. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या आपल्याकडेही अशा गाड्या वाढतील. पण गाडी आली आणि टाकीची शिस्त आली नाही, तर आपण फक्त कचरा अधिक आरामात टाकू. तोवर आमची टाकी म्हणजे प्रत्येकाच्या पाठपिशवीतली एक जाड पिशवी. केळ्याची सालसुद्धा तीतून घरी येते. रानात टाकलेलं खाणं माकडांना माणसांच्या मागे लागायला शिकवतं.

डिचोलीकर म्हणून आणखी एक सांगावंसं वाटतं. आमच्या तालुक्यातल्या मुलांनी खोल दऱ्या लहानपणापासून पाहिल्या आहेत, त्या खाणींच्या. लाल, पायऱ्यापायऱ्यांच्या, तळाशी हिरवं पाणी साठलेल्या. त्या खाणींवर अनेक घरांची चूल पेटली, हे आम्ही विसरत नाही. २०१२ साली खाणी बंद झाल्या, तेव्हा किती ट्रक दारात उभे राहिले, हेही आम्ही पाहिलं आहे. पण यंत्रानं एका माणसाच्या हयातीत केलेला खड्डा आणि नदीनं युगानुयुगं कोरलेली घळ यांतला फरक मुलांना दोन्ही दाखवूनच कळतो. घळीच्या काठावर झाड असतं, शेवाळ असतं, पाखरू असतं. नदीनं कापताना बाकीच्यांना वेळ दिलेला असतो.

आपण इथं पिढ्यान् पिढ्या राहतो, पण कित्येक घरांतली मुलं मोलेच्या फाट्यावरून बेळगावला शंभरदा गेली असतील, फाट्याच्या आत एकदाही नाहीत. दिवाळी झाली, पाणी उतरलं, की त्यांना घेऊन चला. आजी-आजोबांनाही आणा, तांबडी सुर्लाच्या देवळापर्यंत गाडी जाते. बरोबर पिशवी तेवढी घ्या.

गणपती बाप्पा मोरया!