बुद्धिवंताची थट्टा आणि गिरणगावाचा हिशेब

(शिवडी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



बुद्धिवंताची थट्टा झाली की कार्यकर्ता मनापासून हसतो. हे हसू तपासून घेतले पाहिजे.

मराठी नवकथेने ही थट्टा परक्याकडून उसनी घेतली नाही. तिचे एक अग्रणी गंगाधर गाडगीळ स्वतःच अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. 'कडू आणि गोड' हा त्यांचा संग्रह 1948 चा. आपल्याच सुशिक्षित मध्यमवर्गाची आत्मवंचना त्यांनी उघडी केली. 'बंडू'च्या कथांत तिला विनोदाचे रूप दिले. परंतु हा विनोद त्या वर्गाच्या अंगणाबाहेर फारसा पडत नाही. वाचक हसतो, स्वतःला क्षमा करतो आणि पुस्तक मिटतो.

भाऊ पाध्ये यांची वाट निराळी. अर्थशास्त्र शिकून ते कामगार चळवळीत उतरले. 'डोंबाऱ्याचा खेळ' (1960) या कादंबरीत त्यांनी त्या चळवळीलाच आरसा दाखविला. 'वासूनाका'त (1965) नाक्यावरची पोरे स्वतःच्या भाषेत बोलू लागली, तेव्हा सुसंस्कृतांनी अश्लीलतेची ओरड केली. त्या ओरडीत पोरांच्या रिकाम्या दिवसांचा प्रश्न बुडून गेला. इथे उपहासाचा रोख पुस्तकी पंडितावर आहे, तसाच पुढाऱ्यावरही आहे, हे विसरता कामा नये.

मात्र उपहासाने अभ्यासाची गरज संपत नाही. शिवडी-लालबागच्या गिरण्यांत 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 ने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले: मोकळी मैदाने, घरे आणि मालक. 2001 मध्ये एक दुरुस्ती झाली आणि ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन हिशेबातून गळली. मुंबई उच्च न्यायालयात 2005 मध्ये त्याविरुद्ध निर्णय मिळाला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम केली.

गिरणगावाची जमीन गोळीबाराने गेली नाही, व्याकरणाने गेली. ते व्याकरण वेळीच वाचून चाळीचाळीत समजावणे हे बुद्धिवंताचे काम होते. त्याला हाताला धरून चाळीत आणणे हे कार्यकर्त्याचे. दोघेही कमी पडले. तेव्हा बुद्धिवंताला जरूर हसावे. पण हसून झाल्यावर पुढचा मसुदा वाचायला त्याला शेजारी बसवावे.