सालीचे मोल



कंदमुळे आपल्याला नित्य वर्ज्य. पर्वतिथीला हिरवी भाजीही वर्ज्य. मग पोट साफ ठेवणारा चोथा शरीरास मिळावा कोठून? उत्तर धान्याच्या सालीत आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 मधील तक्त्यांनुसार 100 ग्रॅम अख्ख्या मुगात सुमारे 17 ग्रॅम तंतुमय अंश असतो; सोललेल्या डाळीत केवळ 9. कणकेत 11, तर मैद्यात जेमतेम 3. वणीजवळच्या सुरगाण्याच्या डोंगरउतारांवर पिकणाऱ्या नागलीतही 11 ग्रॅम तंतू आहेत, शिवाय सुमारे 360 मिलिग्रॅम कॅल्शियम.

म्हणून पर्वतिथीच्या ताटात मैद्याच्या पदार्थांऐवजी अख्खे मूग व नागलीची भाकरी असावी आणि सूर्यास्तापूर्वी पुरेसे पाणी प्यावे. त्याने व्रतही सांभाळले जाईल, आरोग्यही.