ब्रह्मपुरीचा समुद्रदेव

श्रोतेहो, आपण जोतिबाच्या यात्रेला येता, अंबाबाईचे दर्शन घेता आणि एस. टी. गाठता. पुढच्या खेपेस तासभर काढून कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधले संग्रहालय पाहा. तिथे काशाची एक मूर्ती आहे, वीतभरही भरणार नाही. दाढीवाला, उघड्या अंगाचा पुरुष, एक हात उंचावलेला. हा ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. कुठे समुद्र आणि कुठे आपली पंचगंगा!

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत 1944-45 च्या सुमारास तांब्याकाशाच्या वस्तूंचा मोठा साठा निघाला. प्रा. कुंदनगारांचे नाव या शोधाशी जोडलेले आहे. पुढे 1945-46 मध्ये सांकलिया व दीक्षित यांनी टेकडी थराथराने खणली आणि सातवाहनांच्या काळातली वस्ती उजेडात आली. त्या काळी पावसाळी वाऱ्याच्या जोरावर तांबड्या समुद्रातून गलबते आपल्या बंदरांना लागत. तिथला माल बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर येई.

पण साठ्यातले कोणते भांडे परदेशचे आणि कोणते इथले, हे ठरवायचे कसे? आपल्या घरची म्हातारी तांब्याचा काठ पाहून तो कुठल्या पेठेतला हे सांगते ना, तसेच हे काम आहे. काठाची वळण, कान कसा जोडला, कानाच्या मुळाशी काय कोरले, हे सारे पाहायचे. इटलीतले पाँपेई शहर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झाले. तिथली भांडी तुलनेला मिळतात. डी प्यूमा या अमेरिकन अभ्यासकाने अशी तुलना केली. ती 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. समुद्रदेव आणि मोजक्याच वस्तू तिकडच्या, बाकीचा पुष्कळसा माल इथल्याच कारागिरांचा ठरला. मला तर यात अधिक आनंद वाटतो.

शिक्षक बंधूंनो, एक सांगतो. एका गावी नांगराच्या फाळाला जुने भांडे लागल्याचे कळले म्हणून मी गेलो. पोचेपर्यंत ते मोडीत जाऊन वितळलेसुद्धा! जुना ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा 1878 चा कायदा आहे. गावात तो कुणाला ठाऊक नव्हता. मात्र तिथल्या गुरुजींनी भांड्याचे चित्र वहीत काढून ठेवले होते. खाली लिहिले होते : विहिरीच्या पूर्वेस, दोन हात खोल. त्या भांड्याविषयी माझ्याजवळ आज तेवढेच आहे.