गावचे आकाश आणि गावची शाळा

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



जूनच्या सात-आठ तारखेस मृग नक्षत्र लागते, हे खेड्यातील लहान मुलासही ठाऊक असते. घरात बी-बियाण्यांची बोलणी चालतात व वडीलधाऱ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. परंतु त्याच मुलास ‘हा मृग आकाशात कोठे आहे?’ असे विचारले असता ते निरुत्तर होते. खरे पाहता त्या दिवसांत मृग कोणासही दाखविता यावयाचा नाही. सूर्य तेव्हा त्याच नक्षत्राच्या दिशेस असतो. त्यामुळे ते दिवसा आकाशात असते आणि उजेडात लोपते. ‘मृग लागला’ म्हणजे ‘सूर्य मृगात आला’, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. अशी सत्तावीस नक्षत्रे ओलांडण्यास सूर्याला वर्ष लागते, म्हणून एकेक नक्षत्र साधारणतः साडेतेरा दिवस चालते. शेतकऱ्याच्या नित्याच्या बोलण्यात एवढे खगोलशास्त्र साठविलेले आहे. ते उलगडून दाखविण्याचे काम शाळेचे होय.

आकाशदर्शनाचे कार्यक्रम महाराष्ट्रास नवे नाहीत. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. मुंबईत १९७७ साली नेहरू तारांगण सुरू झाले आणि १९८५ साली खगोल मंडळाचे कार्य सुरू झाले. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे तर तीस महाकाय रेडिओ दुर्बिणी शेतांच्या सान्निध्यात उभ्या आहेत. त्याहीपूर्वी, १८९६ साली, ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मोलाचा ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे कोकणातील मुरूडचे, आणि पेशाने शिक्षक होते. शिक्षकाने आकाशाचा अभ्यास करावा, ही परंपरा याच मातीतली आहे.

तथापि एक उणीव वारंवार आढळते. शहरातून मंडळी येतात, दुर्बीण मांडतात, दोनशे मुलांची रांग लागते. प्रत्येक मूल क्षणभर डोळा लावते आणि पुढे ढकलले जाते. सकाळी पाहुणे निघून जातात व त्यांच्याबरोबर आकाशही जाते. मुलास दुर्बीण आठवते, तारा आठवत नाही. पाहुण्यांचे अगत्य मोठे खरे. परंतु जे आकाश रोज रात्री शाळेवर पसरलेले असते ते दाखविण्यासाठी पाहुण्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रारंभी डोळे पुरतात.

यास्तव प्रथम दिवस नीट निवडावा. तारे पाहावयाचे असल्यास अमावास्येच्या आसपासची रात्र घ्यावी. दुर्बीण मिळणार असून चंद्र पाहावयाचा असल्यास शुद्ध सप्तमी-अष्टमी उत्तम. त्या वेळी प्रकाश व अंधार यांच्या सीमेवर खळग्यांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेस त्या नाहीशा होऊन चंद्र सपाट भासतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निरभ्र असतो. ग्रामपंचायतीस विनंती करून शाळेजवळचे दिवे तासभर मालवून घ्यावेत. डोळ्यांस अंधार सरावण्यास वीस मिनिटे लागतात, म्हणून बॅटरीवर लाल कागद बांधावा. पटांगण आधी झाडून विंचूकाट्याची खात्री करावी. दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू देऊ नये. त्याने दृष्टी कायमची जाते.

जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग चांगला वर आलेला असतो. मधले तीन तारे एका रेषेत दिसतात. ती रेषा आग्नेयेकडे वाढविली की आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा व्याध लागतो. उलट बाजूस वाढविली की तांबूस रोहिणीजवळून कृत्तिकांच्या पुंजक्याकडे जाता येते. उत्तरेस ध्रुव शोधताना मुलांना हात लांब करून मूठ धरण्यास सांगावे. एक मूठ सुमारे दहा अंश भरते. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या गावाच्या अक्षांशाइतकी असते. महाराष्ट्रात ती दोन मुठींच्या आसपास येते. भूगोलाच्या पुस्तकातील अक्षांश मुलाने स्वतःच्या मुठीने मोजला, तर तो सहसा विसरला जात नाही.

गावातील वृद्धांस अगत्याने बोलवावे. सप्तर्षींस काही भागांत बाज व तिच्यामागचे तीन चोर म्हणतात. शाळेने ही नावे खोडून काढू नयेत, तर पुस्तकी नावांशेजारी लिहून घ्यावीत. आपल्या आजोबांस गुरुजी प्रश्न विचारीत आहेत, हे पाहणारे मूल पुढे स्वतः प्रश्न विचारू लागते.

या कार्यक्रमात दोन गोष्टींस विशेष जपावे लागते. पहिली मुलींची. रात्रीचा कार्यक्रम म्हटला की मुली घरी राहतात, आणि निम्मा वर्ग आकाशास मुकतो. यासाठी पालकांस, विशेषतः मातांस, सोबत बोलवावे, शिक्षिकांनी पुढाकार घ्यावा, आणि मुलींना घरापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था आधीच सांगावी. दुसरी गोष्ट मंगळाची. तो तांबडा ग्रह दिसताच कोणी तरी पत्रिकेचा विषय काढतो. शिक्षकाने तेथे वाद घालू नये अथवा कोणाची टरही उडवू नये. मंगळाचा रंग त्याच्या मातीतील लोहाच्या गंजाचा आहे, व २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे यान त्याच्याभोवती फिरू लागले, एवढे शांतपणे सांगावे. ज्या ग्रहाजवळ देशाचे यान जाऊन पोहोचले, त्याच्या नावाने गावातील एखाद्या मुलीचे लग्न अडावे काय, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहील. प्रांगणात बसलेल्या एका जरी बापाच्या मनात तो राहिला, तरी ती रात्र सार्थकी लागली म्हणावयाची.

मुले असेही काही विचारतील, की ज्याचे उत्तर शिक्षकास येणार नाही. तेव्हा ‘हे मला ठाऊक नाही, शोधून सांगेन’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. मात्र आठवड्याच्या आत ते शोधून सांगितलेच पाहिजे.

शेवटी, एका रात्रीवर थांबू नये. तारे दररोज चार मिनिटे लवकर उगवतात. म्हणून आज रात्री दहा वाजता शाळेच्या छपरावर दिसणारा तारा महिन्याने आठ वाजताच तेथे येतो. मुलांनी ठरलेल्या जागी उभे राहून तारीख, वेळ व ताऱ्याची जागा वहीत मांडावी आणि महिन्याने ती पडताळावी. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे वाक्य सर्वांना पाठ असते. ही वही त्या फिरण्याची खूण हाती देते. अशी एक वही प्रत्येक शाळेच्या कपाटात असावी, आणि दरवर्षी नव्या मुलांनी ती पुढे चालवावी.